चोक ओढल्याशिवाय न चालणारी एटीव्ही

११० सीसीची छोटी एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायची चारचाकी, बराच काळ धूळ खात पडलेली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पेटायचं नाव नाही. प्लग काढून इंजिनला टेकवून पाहिला, ठिणगीच नाही. अशा वेळी लोक थेट इग्निशन कॉइल नाहीतर सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला धावतात. मी किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर सीडीआयपासून सोडवली आणि लख्ख निळी ठिणगी पडली. म्हणजे गंजलेला स्विच आतल्या आत वीज गाडीच्या बॉडीत उतरवत (अर्थ करत) होता. वायर तशीच सोडून चालवणारेही असतात. मुलं बसणार असतील तर तो वेडेपणा आहे. नवा स्विच बसवला.

जुनं पेट्रोल काढलं, त्याला व्हार्निशसारखा वास येत होता. ताजं भरल्यावर गाडी सुरू झाली, पण चोक (थंड इंजिनाला पेट्रोलचं प्रमाण वाढवून देणारी कळ) आत ढकलला की बंद. हे लक्षण पेट्रोल कमी पडण्याचं. कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबराला भेग नव्हती, म्हणजे तिथून जादा हवा शिरत नव्हती, तेव्हा कार्ब्युरेटर उघडला. पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग) उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून वायरीतली तांब्याची एकच बारीक तार त्यातून फिरवली. सुई किंवा ड्रिल मुळीच नको. पितळ मऊ, भोक मोठं होतं. एअर फिल्टरचा फोम हातात घेताच भुगा झाला, तोही बदलला.

आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनची मंद गती, आता स्थिर आहे. गरम झाल्यावर मात्र सुरू व्हायला कुरकुरते, त्यामुळे पुढचं काम व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली बारीक फट. ते थंड इंजिनवरच मोजायचं.