अमेरिकेत नवीन आलात? खिडकीवर 'हो' म्हणण्याआधी हे वाचा

दर उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळात नवी कुटुंबं येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. जाडे पोहे कुठे मिळतात, क्रेडिट स्कोअर कसा वाढवायचा, गाडी नवी घ्यावी की जुनी. उत्तरं द्यायला मंडळात हौशी माणसं भरपूर आहेत. या देशाच्या घटनेने आपल्याला काय दिलंय आणि काय दिलेलं नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. मग एखाद्या रात्री अकराला फोन वाजतो, "मावशी, दारात पोलीस आलेत, काय करू?" मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलांकडे बरीच वर्षं हिशेब लिहिले आणि माणसं नेमकी कुठे अडकतात ते समोरून बघितलं, एवढंच. तुमचं प्रकरण खरंच गुंतलेलं असेल तर पैसे मोजून वकील गाठा. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातला कायदा फुकट असतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो.

घटना फक्त नागरिकांसाठी आहे, हा समज आधी काढून टाका. सॅन फ्रान्सिस्कोत यिक वो या चिनी धोब्याने खटला लढवला आणि १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चौदाव्या दुरुस्तीतलं कायद्याचं समान संरक्षण इथे राहणाऱ्या परक्या माणसालाही आहे. घराची झडती, गप्प राहण्याची मुभा, फौजदारी खटल्यात वकील, या गोष्टी एच-१बी वाल्यालाही मिळतात आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या पोरालाही. मुलांच्या सरकारी शाळेचा प्रश्न तर १९८२ सालीच मिटला, आईबापांकडे कागद असोत वा नसोत. आपल्याकडेही कलम १४ आणि २१ सगळ्यांना आहेत, कलम १९ फक्त नागरिकांना. इथेही अशीच वाटणी आहे. मत देणं आणि ज्युरीत बसणं नागरिकाचं, बाकी बरंचसं सगळ्यांचं.

आता या लेखाचं खरं कारण. इथे ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीतच मतदार नोंदणीही होते. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने ती सोय केली. न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत आता तुम्ही नको म्हटलं नाही, तर यंत्रणाच नोंदणीकडे ढकलते. सोय नागरिकांसाठी चांगलीच आहे. पण खिडकीपलीकडचा माणूस दिवसभरात शेकडो लोकांना तोच प्रश्न एका सुरात विचारत असतो, "रजिस्टर टू व्होट?" आणि आपला माणूस, भिडस्त, उच्चार पुरता न कळलेला, सरकारी माणसाला नाही कसं म्हणायचं या विचाराने मान डोलवतो. मग पडद्यावर "मी अमेरिकेचा नागरिक आहे" असं वाक्य येतं. खाली सही.

दुसऱ्या राज्यातल्या एका गृहस्थांचं प्रकरण सांगते. ग्रीन कार्ड होतं, नोकरी उत्तम, कधी साधा दंडसुद्धा भरलेला नाही. लायसन्सच्या नूतनीकरणाला गेले आणि हो म्हणून आले. महिन्याभरात घरी मतदार ओळखपत्र आलं. त्यांना वाटलं, सरकारनेच पाठवलंय म्हणजे आपल्याला हक्क असणार. शाळा मंडळाच्या निवडणुकीत हौसेने मत दिलं. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भरला. त्यात स्पष्ट प्रश्न असतो, तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली आहे का, कधी मत दिलं आहे का. त्यांनी खरं लिहिलं, आणि तेच योग्य होतं. अर्ज फेटाळला गेला आणि देशाबाहेर काढण्याची नोटीस घरी आली. वकिलांवर घराच्या डाउन पेमेंटएवढा पैसा गेला आणि पुढची कितीतरी वर्षं त्या घरात कुणाला धड झोप नव्हती.

१९९६ च्या कायद्यानुसार, नागरिक नसताना फायद्यासाठी नागरिक असल्याचा दावा केला तर पुढचा जवळजवळ प्रत्येक दरवाजा बंद होतो. दारू पिऊन गाडी चालवलेल्याला एखादी वाट सापडते, इथे माफीची तरतूद नसल्यातच जमा आहे. "मला कळलं नाही" हे सिद्ध करणं महाकठीण. म्हणून पुन्हा लिहिते. लायसन्सच्या खिडकीवर, पार्किंगमध्ये क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या हसऱ्या पोरासमोर, कॉलेजच्या दारात, नोकरीच्या आय-९ फॉर्मवर, कुठेही नागरिक असल्याच्या रकान्यात खूण करू नका. कारकुनाने स्वतःच खूण केली असेल तर सही करण्याआधी खोडायला लावा. चुकून मतदार कार्ड घरी आलंच तर मत देऊ नका, कार्ड फाडूही नका. वकिलाला दाखवून नाव लेखी काढून घ्या आणि त्या कागदाची प्रत जन्मभर जपा. ज्युरीचं बोलावणंही येईल, कारण त्यांच्या याद्यांत लायसन्सधारकांची नावं असतात. ते कचऱ्यात टाकायचं नाही, "नागरिक नाही" या रकान्यात खूण करून परत पाठवायचं.

उमेदवाराला देणगी द्यायची तर ग्रीन कार्डधारक देऊ शकतो. एच-१बी वाल्याने एक डॉलरही द्यायचा नाही, नगरपालिकेच्या निवडणुकीतसुद्धा.

पोलिसांनी गाडी थांबवली की आपली मंडळी दार उघडून साहेबांकडे चालत जातात. पुण्यात ती नम्रता असते, इथे तो हल्ला वाटतो. उजवीकडे गाडी घ्या, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टीअरिंगवर. त्यांनी मागितल्याशिवाय खिशात किंवा कप्प्यात हात घालायचा नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड द्यायचं. उतरा म्हणाले तर उतरायचं, तो अधिकार त्यांना आहे. "डिकी बघू का?" असं मात्र ते गोड आवाजात विचारतात, कारण तुम्ही हो म्हणालात की पुढे न्यायालयात झडतीबद्दल कुरकुर करता येत नाही. बेकायदा झडतीपासून वाचवणाऱ्या चौथ्या दुरुस्तीचा सगळा जीव त्या एका उत्तरात आहे. शांतपणे म्हणा, "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च." तरीही तपासलंच तर आडवं जायचं नाही, ते भांडण नंतर न्यायाधीशापुढे. काय चाललंय ते कळत नसेल तर विचारा, "ॲम आय फ्री टू गो?" हो म्हणाले की निघा. आणि टीव्हीवर बघितलेलं ते "तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे" त्यांनी म्हटलं नाही म्हणून प्रकरण उडत नाही. १९६६ चा मिरांडा निकाल ताब्यात घेऊन केलेल्या चौकशीपुरता आहे. गप्प राहणं चालतं, खोटं बोलणं कधीच चालत नाही. पैसे पुढे करण्याबद्दल मी लिहिणारही नव्हते, पण एका डॉक्टरसाहेबांनी तोही प्रयत्न केलेला मला माहीत आहे.

दाराशी कुणी आलं तर दार उघडण्याआधी कागद मागा. न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट वेगळं आणि इमिग्रेशन खात्याने स्वतःच काढलेलं वेगळं. दुसऱ्या कागदावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. तेवढ्या कागदावर घरात घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही. आपण मात्र "या ना, चहा घेणार?" म्हणून दार सताड उघडतो. इमिग्रेशन न्यायालयाबद्दल आणखी एक ध्यानात ठेवा. ते फौजदारी न्यायालय नाही, त्यामुळे तिथे सरकार वकील देत नाही. स्वतःचा आणावा लागतो.

नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल मंडळात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. भिंती पातळ असतात, शेजारी ९११ फिरवतो. न्यू जर्सीत अंगावर मारहाणीची खूण दिसली तर पोलिसांना अटक करावीच लागते, मग बायको कितीही म्हणो, "जाऊ द्या, आमचं मिटलं." मारणाऱ्याची कीव करायला मी हे लिहीत नाही. लिहिते ते दुसऱ्या दिवशीच्या घाईबद्दल. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, तुरुंग नाही, थोडा दंड आणि समुपदेशन, आजच घरी जा. माणूस सुटकेचा श्वास टाकून सही करतो. इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षा झाली. अगदी "नंतर रेकॉर्ड पुसू" म्हणून केलेली कबुलीसुद्धा. अशा कबुलीने देश सोडावा लागेल का हे सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिला खटल्यात म्हटलं. तेव्हा सही करण्याआधी त्याला तो प्रश्न विचारा, शक्य तर लेखी उत्तर घ्या.

आणि मार खाणारी तुम्ही असाल, तर "माझा व्हिसा त्याच्या हातात आहे" हे वाक्य अर्धवट खरं आहे. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तरी गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आहे. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. आपल्या नातेवाइकांआधी त्यांना फोन करा.

राज्य आणि केंद्र यांचा घोळ मुलांना नीट समजावा. इथे न्यू जर्सीत २०२२ पासून गांजा दुकानात उघड विकत मिळतो, राज्याचा परवाना लावून. पण केंद्राच्या कायद्यात तो अजून बंदच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राचं. राज्याने माफ केलेली गोष्ट केंद्राचा अधिकारी वहीत लिहून घेतो. विमानतळावर बॅगेत सापडलेली गांजाची गमी गोळी किंवा मुलाखतीत मोकळेपणाने दिलेलं उत्तर पुरेसं होतं. मोकळेपणा हा अमेरिकन लोकांचा छंद आहे, त्यांना परवडतो.

भाषणस्वातंत्र्याचंही असंच. पहिली दुरुस्ती सरकारला अडवते, तुमच्या कंपनीला नाही. आणि कागदावर ती आपलीही असली तरी २०२५ मध्ये आंदोलनात उतरलेल्या आणि लेख लिहिलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना पकडून नेलं. न्यायालयांनी त्यातल्या काहींना सोडवलंही. पण सुटका होईपर्यंतचे आठवडे कोठडीतच गेले. बोलू नका असं मी म्हणणार नाही. वकिलाचा नंबर पाठ करून बोला.

पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ हा इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा फॉर्म भरा. ग्रीन कार्ड जवळ बाळगा. अठरा ते पंचवीस वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलाचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या यादीत, आहे ना, तेवढं बघा.

आईवडील ग्रीन कार्डावर असतील आणि वर्षातला बराच काळ सातारला काढत असतील तर त्यांना पढवून पाठवा. विमानतळावर त्यांच्यापुढे आय-४०७ ठेवला जातो. तो स्वखुशीने कार्ड परत करण्याचा फॉर्म आहे. दमलेला म्हातारा जीव, समोर गणवेश, सही होऊन जाते. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा त्यांना हक्क आहे. मराठीत एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा.

घरमालकाला कुणी घाबरू नका. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेबासकट परत द्यावं लागतं. नाहक अडकवलेल्या रकमेच्या दुप्पट न्यायालय देववू शकतं. त्यासाठी वकीलही लागत नाही, पाच हजार डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांचं न्यायालय, आहे. घर घेताना आणि सोडताना फोटो काढा, भिंतींचे आणि ओव्हनच्या आतलेही. आपल्या फोडणीचे डाग हा मालकांचा आवडता मुद्दा असतो.

आता "आम्ही रांगेतून, कायद्याने आलो" असं पार्टीत छाती काढून सांगणाऱ्यांसाठी. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी मिळालेलं नागरिकत्वही कित्येकांकडून काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीय. पुढे १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला तेव्हा आपली रांग तयार झाली. ती काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीच्या काळात झाली, आपल्या पर्सेंटेजमुळे नाही. हे ऐकून काही जण माझ्याशी बोलत नाहीत, तेवढीच शांतता.

घटनेच्या बाबतीत अमेरिकन लोक स्वतःला जगाचे गुरुजी समजतात. बाबासाहेब कोलंबियात शिकले, मान्य. पण आपली घटना लिहिली जात असताना घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव इथे आले, तेव्हा त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी इथलं 'ड्यू प्रोसेस' (कायद्याची रीतसर प्रक्रिया) हे कलम घेऊ नका असं सुचवलं होतं.

नागरिकत्व घ्यायचं की नाही हे घरात बसून ठरवा. साधारणपणे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षांनी अर्ज करता येतो. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व तिकडच्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गेलं, पासपोर्ट जमा करून रीतसर त्याग नोंदवावा लागतो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर तिकडे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणाऱ्या जमिनीचे नियम निराळे आहेत, ते शपथेआधी तिकडच्या वकिलाला विचारा. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी तर नक्कीच.

मत नसलं तरी तोंड आहे. टाऊन कौन्सिल आणि शाळा मंडळाच्या बैठका न्यू जर्सीत कायद्याने उघड्या असतात, आणि त्यात लोकांनी बोलायची वेळ राखलेली असते. तिथे नाव आणि पत्ता विचारतात, व्हिसा नाही. वीस-वीस वर्षं इथे राहून मालमत्ता कराच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्या लोकांना मी तिथे फारसं पाहिलेलं नाही. जे पंजाबी आणि गुजराती पालक चिकाटीने जात राहिले, त्यांच्या आग्रहाने काही शाळा जिल्ह्यांत दिवाळीची सुट्टी लागली. बैठकीची सूचना किमान ४८ तास आधी लावलेली असते. तीन मिनिटं मिळतात, कधी पाच, तेव्हा काय बोलायचं ते आधी लिहून न्या.