विमानाचे तास मोजताना मी मावशीला कसं फसवलं

मावशी न्यूयॉर्कहून लंडनला निघाली होती. तिकिटावर सुटण्याची वेळ संध्याकाळी ७, पोचण्याची दुसऱ्या दिवशी सकाळी ७. मी सरळ वजाबाकी केली आणि सांगितलं, "बारा तास आहेत, निवांत झोप." उतरल्यावर तिचा फोन आला, "अरे, तुझे बारा तास सातातच संपले की!"

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. लंडन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे, म्हणून १२ तासांतून ५ गेले, उरले ७. पूर्वेकडे जाताना फरक वजा करायचा, पश्चिमेकडे येताना मिळवायचा.

तिकीट हातात नसेल तर आधी अंतर काढा. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये शहराचं नाव टाकून भागत नाही, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही!

सपाट नकाशावर पट्टी मात्र लावू नका. पृथ्वीगोल घ्या आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. न्यूयॉर्क-लंडन दोरा अटलांटिकमधून आडवा न जाता वर न्यूफाउंडलंडच्या बाजूला सरकतो. तोच जवळचा रस्ता.

आकडा हवा असेल तर शाळेतली त्रिकोणमिती कामाला येते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. (एक ठिकाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला असेल तर त्याचा अक्षांश ऋण धरा.) न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम, लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. बेरीज येते ०.६४५. ज्या कोनाचा कोसाइन इतका, तो कोन ४९.८ अंश. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. झाले साधारण ५,५४० किलोमीटर. मला हे हाताने करायला आवडतं; तुम्हाला कंटाळा असेल तर कुठलंही ऑनलाइन कॅल्क्युलेटर हेच करतं.

आता वेळ. मोठं जेट ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास धरा. ५,५४० भागिले ८५०, साडेसहा तास. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगणं यासाठी अर्धा तास वर. सात तास, मावशी म्हणाली तेवढेच.

पण ही बेरीज परतीला चुकते. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण तासभर जास्त लागतो. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

कधी रस्ताच बंद असतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश मिटल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून १३ तासांच्या आसपास गेला. कॅल्क्युलेटरवरचं अंतर मात्र होतं तेवढंच. म्हणून शेवटी फ्लाइट ट्रॅकरवर, म्हणजे विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर, त्या विमानाचा गेल्या आठवड्यातला खरा वेळ बघतोच.

मावशीचं पुढचं तिकीट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातलं आहे. अमेरिकेची घड्याळं तोवर पुढे गेलेली असतात, ब्रिटनची महिन्याच्या शेवटच्या रविवारी जातात. म्हणून यावेळी मी ४ च तास वजा केलेत.