अद्रकाची फसफसती एल: आपल्या उन्हात जमवायची कशी

‘बाटलीत भरा आणि तीन दिवस बाहेर ठेवा.’ जिंजर एलच्या ज्या त्या कृतीत हे वाक्य असतंच. लिहिणारा कुठंतरी वीस अंशांच्या स्वयंपाकघरात बसलेला असतो, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे विदर्भात नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी ओसरीवर पारा चाळिशीच्या खाली येत नाही. तिथं तीन दिवस बाटली ठेवायची म्हणजे घरात सुतळी बाँब ठेवण्यातला प्रकार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण एल हे मूळचं एका बिअरचं नाव, आणि ते ऐकलं की दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी जवाची बिअर घरी कशी करायची ते हळूच विचारतं. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, आणि बाकी महाराष्ट्रातही परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही. तेव्हा ते सोडा. अद्रकाची एल पोटाला हलकी, आंबटगोड आणि झणझणीत असते, आणि चहाशिवाय काही न पिणारे आमचे मामाजीही दुसरा गिलास मागतात. आंबवलेलं आहे म्हणजे अल्कोहोल थोडी होणारच, पण वेळेत थांबवली तर ती अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास राहते. तरीही लहान लेकरांना आणि ज्यांना थेंबही चालत नाही त्यांना मी लिंबाचं सरबतच देतो.

एल आंबवायला आधी विरजण लागतं, ते सोपं आहे. काचेच्या बरणीत दोन वाट्या पाणी, दोन चमचे किसलेलं अद्रक, दोन चमचे साखर. तोंडाला फडकं बांधायचं, आणि रोज एकेक चमचा अद्रक नि साखर घालून ढवळायचं. मे महिन्यात तिसऱ्या दिवशी वर फेस येतो, हिवाळ्यात आठवडा लागतो. अद्रक सोलू नका, आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. आठवडी बाजारातलं मातीचं अद्रक घ्या आणि नुसतं खळबळून धुवा. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर बरणीसकट फेकायचं, वरचं काढून खालचं वापरण्याची काटकसर नको.

विरजण उठतच नसेल तर दोष बहुतेक पाण्याचा. ग्रामपंचायत विहिरीत, टाकीत ब्लिचिंग पावडर टाकते. ते प्यायला बरं, पण यीस्टही त्यानं मरतं. उकळून गार केलेलं पाणी घ्या. पावाचं यीस्ट घाला म्हणणारे भेटतील. त्यानं गॅस होतो खरा, पण गिलासाला बेकरीचा वास येतो.

चार लिटरसाठी दीडशे ग्रॅम अद्रक ठेचून, पाव किलो साखर आणि चिमूटभर मीठ लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. मग गाळून उरलेलं गार पाणी घाला. गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावून अजिबात ऊन लागत नाही असं झालं की चार लिंबांचा रस आणि वाटीभर गाळलेलं विरजण घालायचं. गुळाची चव मला आवडते, पण रंग गढूळ येतो आणि पाहुणे गिलासात डोकावून बघत बसतात. सगळ्यांसाठी करायची तर साखरच. संत्र्याचा रस घाला असाही सल्ला मिळतो. मृगाचा बहार, म्हणजे संत्र्याचं उन्हाळ्याआधीचं शेवटचं पीक, मेपर्यंत संपलेलं असतं, मग कुठून आणता संत्रं?

आता बाटली. इथंच मी दोन उन्हाळे मार खाल्ला.

पहिल्या वर्षी हौसेनं काचेच्या सरबताच्या बाटल्या धुऊन भरल्या आणि मांजघरात, धान्याच्या कोठीशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पहिली फुटली आणि तिच्या धक्क्यानं शेजारचीही. शेजारच्या काकू धावत आल्या, “अवं माय, गॅसची टाकी फुटली का गा?” टाकी शाबूत होती. कोठीवरचं झाकण मात्र त्या दिवशी उघडं होतं, आणि अख्खा पायलीभर तांदूळ काचेपायी फेकावा लागला. त्या वेळी तिथं कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम गॅस होतो. चांगल्या फेसासाठी लिटरमागे पाच ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे दहा ग्रॅम साखर. आपण घातलेली असते साठ ग्रॅमच्या वर. उरलेली गोडीसाठी आहे, पण यीस्टला ते कोण सांगणार? ते खातच राहतं, आणि उन्हात भराभर खातं. त्यात पाणी गरम असलं की गॅस विरघळून राहत नाही. चार अंशांच्या पाण्यात जितका मावतो त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा चाळीस अंशांच्या पाण्यात मावतो, बाकीचा बुचावर दाब देत बसतो.

म्हणून काच नको. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्या, जिच्या बुडाला पाच पाकळ्या असतात. ते बूड दाब सोसायलाच तसं घडवलेलं असतं. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्या चालत नाहीत, त्या फुगून आडव्या पडतात. वर दोन बोटं जागा सोडून भरा आणि बूच घट्ट लावा.

दुसऱ्या वर्षी प्लॅस्टिकच्याच बाटल्या होत्या. त्या फ्रिजात ठेवल्या आणि दोन दिवस लग्नाला गेलो. मागं रात्रभर लाईन नव्हती. परत आलो तर एका बाटलीचं बूच उडालेलं, आणि फ्रिजाचा खालचा कप्पा चिकट होऊन मुंग्यांनी भरलेला. फ्रिजात यीस्ट झोपतं, मरत नाही. लाईन गेली की बाटल्या तपासायच्या आणि ताणलेल्या वाटल्या तर बूच जरासं सैल करून सूं आवाज जाऊ द्यायचा.

आंबताना बाटल्या माठाजवळ टोपल्यात उभ्या करून वर ओलं गोणपाट टाका आणि ते दिवसातून तीनदा भिजवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे गोणपाट चांगलं गार राहतं. पाऊस लागला की हा उपाय निकामी.

आणि घड्याळ बघू नका, बाटली दाबा. भरल्यावर अंगठ्यानं दाबलं तर बाटली मऊ लागते, आत खड्डा पडतो. दर चार तासांनी दाबून बघा. न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीइतकी टणक लागली, अंगठा आत जाईना, की त्याच मिनिटाला फ्रिजात टाका. मे महिन्यात माझ्याकडे चौदा-पंधरा तास लागतात, दिवाळीनंतर अडीच दिवस. संध्याकाळी भरली तर सकाळी सडा टाकायच्या आधी एकदा दाबून बघतो, कारण उन्हं चढली की दोन तासांत खेळ बदलतो.

मग चोवीस तास फ्रिजात राहू द्या. लगेच उघडली तर फेस छताला आणि गिलासात नुसतं गोड पाणी. बूच हळू फिरवा, अर्धं उघडून थांबा, फेस खाली बसू द्या, मग पूर्ण उघडा. पाच-सहा दिवसांत संपवा. ओतताना बाटली हलवू नका. तळाला बोटभर पांढुरका गाळ बसतो, तो मी कढीपत्त्याच्या झाडाला घालतो.