पॉइंटवर फुकट प्रवास शिकवताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं आता क्रेडिट कार्डावर खर्च केला की मिळणाऱ्या पॉइंटवर विमानाने कसं फिरायचं हे मराठीत लिहायला लागली आहेत, रील करायला लागली आहेत. याचं मला मनापासून कौतुक आहे. इतकी वर्षं ही माहिती इंग्रजी वाचणाऱ्यांपुरतीच होती. पण लिहिताना काही चुका सर्रास होतात आणि त्यांचा भुर्दंड वाचणाऱ्याला बसतो.

आपल्याला पैसे कुठून मिळतात हे लपवणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दिलेल्या लिंकवरून कुणी कार्ड घेतलं आणि ते मंजूर झालं, की लिंक देणाऱ्याला कमिशन किंवा बोनस पॉइंट मिळतात. कमावण्यात गैर काही नाही. पण मग ‘माझं आवडतं कार्ड’ नक्की कुणाच्या फायद्याचं, हे वाचणाऱ्याला कळायला नको? विमा विकणारा ओट्यावर येऊन बसला की तो एजंट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. मोबाइलवर आपल्याच बोलीत बोलणारा मात्र घरचाच वाटतो, आणि लोक त्या भरवशावर अर्ज भरतात.

जाहिरात क्षेत्रावर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्येच सांगितलंय की जाहिरात असेल तर ते ठळक, सहज दिसेल असं लिहा. इंग्रजीत नाहीतर ज्या भाषेत बोलताय त्या भाषेत. आपला वाचक मराठी आहे, तर सरळ लिहा: ‘या लिंकवरून कार्ड घेतलंत तर मला पैसे मिळतात.’ तेही पहिल्या दोन ओळींत. हॅशटॅगांच्या ढिगाखाली नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी प्रचार करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘दोन लाखांचं तिकीट फुकट’ असा हिशोब

बिझनेस क्लासचं तिकीट दोन लाखांचं, आपण पॉइंटवर काढलं, म्हणून दोन लाख वाचले. हे खोटं आहे. पॉइंट नसते तर तुम्ही दोन लाख भरले असते का? पस्तीस हजारांच्या साध्या तिकिटावर गेला असतात, तर फार तर पस्तीस हजार वाचले. त्यातूनही कर आणि इंधन अधिभार बऱ्याचदा रोख भरावा लागतो. कार्डाची वार्षिक फी वजा करा, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा करा. आणि जळगावहून विमानं मोजकीच, म्हणून बहुतेकांना आधी रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागते. ते तिकीट, रिक्षा-टॅक्सी, लागलीच तर एक रात्र खोली, हेही धरा. एखादी मावशी ‘फुकट शे का रे भो?’ असं विचारेल, तेव्हा तिला हा पूर्ण आकडा सांगता आला पाहिजे.

व्याजाबद्दल गप्प बसणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खानदेशात नुकसान इथेच होतं. अनेक घरांत क्रेडिट कार्ड म्हटलं की किसान क्रेडिट कार्ड आठवतं. त्यावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. खरेदीच्या क्रेडिट कार्डावर मात्र दर साधारण महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतो, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के.

समजा लग्नसराईत ६०,००० रुपयांची खरेदी केली आणि बिलावर छापलेली किमान रक्कम, ३,००० रुपये, तेवढीच भरली. उरलेल्या ५७,००० वर पावणेचार टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज २,१३७ रुपये, त्यावर जीएसटी ३८५. झाले अडीच हजार. बाकी राहिली की व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून वर जातो. पॉइंट किती मिळाले? दोन टक्के धरले तरी १,२०० रुपयांचे. सराफाकडची खरेदी असेल तर कदाचित तेही नाहीत, कारण अनेक कार्डांवर सोनं, इंधन आणि घरभाडं पॉइंटमधून वगळलेलं असतं.

कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, केळीचा माल कापल्यावर. बिल मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. ज्याचं उत्पन्न हंगामी आहे त्याला ‘महिन्याला इतका खर्च करा, बोनस मिळवा’ असं सांगणं मला चुकीचं वाटतं. पूर्ण बिल दर महिन्याला फेडता येत नसेल तर हे कार्ड घेऊ नका, असं वाक्य लिंकच्या वर हवं.

पॉइंटचा पैसा येतो कुठून, हेही बोललं पाहिजे. दुकानदाराकडून कापलेले टक्के आणि बाकी ठेवणाऱ्यांचं व्याज, यातून. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०२३ मध्ये काढलेल्या एका शोधनिबंधात तिथल्या रिवॉर्ड (म्हणजे पॉइंट देणाऱ्या) कार्डांमुळे वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर कमी जाणकारांकडून जास्त जाणकारांकडे जातात, असा अंदाज आहे. आपला वाचक यातल्या कुठल्या बाजूला जाणार, ही जबाबदारी लिहिणाऱ्यावरही येते.

जुनी माहिती तशीच ठेवणं

पॉइंटचे नियम बँक आणि विमान कंपनी बदलत राहतात. कधी तर विमान कंपनीच राहत नाही: किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. म्हणून लेखावर तारीख टाका, चुकीचं झालेलं खोडा. वाचणाऱ्याने पॉइंट वर्षानुवर्षं साठवू नयेत, हेही सांगा.

मशीनवर कार्ड घासून रोख घेण्याची युक्ती

ओळखीच्या दुकानात कार्ड घासायचं, दोन-अडीच टक्के कापून रोख घ्यायची आणि पॉइंट कमवायचे. हे शिकवू नका. माल न विकता रोख देणं दुकानदाराच्या करारात बसत नाही. बँकेच्या लक्षात आलं की कार्ड बंद आणि पॉइंट जप्त होऊ शकतात, दुकानदाराचं मशीनही जाऊ शकतं.

आधीच अडकलेल्यांसाठी

ज्या कार्डावर बाकी थकली आहे, त्यावरची खरेदी आधी पूर्ण थांबवा. बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बँकेला फोन करून बाकी हप्त्यांत करून मागा, किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून ती फेडा. दोन्हीचे दर लेखी घ्या, प्रक्रिया शुल्क विचारा. पॉइंट जातील म्हणून बाकी ठेवू नका. चार कार्डांसाठी एकदम अर्ज केले असतील तर आता थांबा, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसते आणि उद्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ती आडवी येऊ शकते.

सगळी बाकी फिटल्यावर कार्ड बंद करायचा अर्ज द्या आणि तारखेसह पोच ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.