कोथिंबीर आणि पुदिना: चटणीत एकत्र, कुंडीत वेगळे

हिरव्या चटणीला दोन्ही लागतात, म्हणून गॅलरीतल्या एकाच लांबट कुंडीत दोन्ही लावायचा मोह होतो. तो टाळा. कोथिंबीर जेमतेम दोन महिन्यांचं पीक आहे, पुदिना वर्षानुवर्षं टिकतो. कोथिंबिरीला वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, चिखल नको; पुदिन्याला सतत ओल. पाणी पुदिन्याच्या मानाने घातलं की कोथिंबिरीची मुळं कुजतात आणि कोथिंबिरीच्या मानाने घातलं की पुदिना मान टाकतो. शिवाय पुदिन्याची धावती खोडं मातीखालून सगळीकडे पसरतात आणि कोथिंबिरीला जागाच उरत नाही. दोन कुंड्या घ्या, मग दोन्ही सोपी आहेत.

आधी ऊन बघा

पुदिना तीन-चार तासांच्या कोवळ्या उन्हात खूश असतो. पूर्वेची गॅलरी त्याला उत्तम, आणि उत्तरेकडच्या उजेडातही तो तग धरतो. कोथिंबिरीचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीत तिला चार-पाच तास चांगलं ऊन द्या, दक्षिणेकडची गॅलरी असेल तर फारच छान, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडे कलतो. उन्हाळ्यात मात्र सकाळचं ऊन पुरे, दुपारी शेडनेट किंवा मोठ्या झाडाची सावली हवीच.

कोथिंबिरीचा खरा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. पुण्या-नाशिकच्या थंडीत ती सहज येते. मुंबईत आणि कोकणात हिवाळाही सौम्य असतो, तिथे ती जरा लवकर फुलोऱ्यात जाते. पारा तिशीच्या वर रेंगाळू लागला की उगवण कमी होते आणि झाड पानं सोडून फुलांच्या मागे लागतं. त्यात तुमची काही चूक नसते.

कोथिंबीर पेरताना

1. पसरट कुंडी, फळांचा क्रेट किंवा ग्रो बॅग घ्या. रुंदी जितकी जास्त तितकी बरी, खोली 15 ते 20 सेंटिमीटर. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, त्यामुळे उथळ ताटलीत ती खुरटते. तळाला छिद्रं हवीत.

2. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट किंवा वाळू मिसळा. मूठ आवळून सोडली की मिश्रण सुटून पडलं पाहिजे.

3. धने फोडा. बहुतेकांची उगवण इथेच फसते. एका धन्याच्या आत दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून लाटण्याने किंवा पालथ्या वाटीने हलका दाब द्या, धन्याचे दोन भाग व्हायला हवेत, भुगा नको. घरातले धने चालतात, पण जुने आणि भाजलेले नकोत. शंका असेल तर दहा-बारा धने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पंधरवड्यात निम्मेसुद्धा मोडावले नाहीत तर ताजं बियाणं आणा.

4. फोडलेले धने रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून लगेच पेरा. बोटाने रेघ ओढून अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, दोन धन्यांमध्ये बोटभर अंतर. वरून मातीचा पातळ थर आणि झारीचं पाणी. तांब्याने पाणी ओतलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं.

5. आठ ते पंधरा दिवस वाट बघा. ऊन कडक असेल तर कोंब दिसेपर्यंत वर ओलं गोणपाट टाका, कोंब दिसले की ते त्याच दिवशी काढा.

रोपं उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका. सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर रुसते आणि लवकर फुलते. जिथे पेरली तिथेच वाढू द्या, दाट झाली तर मधली कोवळी रोपं कढीत घाला.

पुदिना लावताना

याला बी लागत नाही. बियांची पाकिटं मिळतात, पण बी फार बारीक, उगवण संथ, आणि येणारं रोप आईसारखं असेलच याची खात्री नाही. बाजारातली एक ताजी जुडी पुरते. तिच्यातल्या जाड, जांभळट देठाच्या सात-आठ काड्या निवडा, वरची चार पानं ठेवून बाकीची खुडा आणि पेला अर्धा भरून त्यात उभ्या करा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळं दिसतील. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत आडव्या-तिरप्या लावा, म्हणजे प्रत्येक पेराला मातीचा स्पर्श होईल आणि तिथूनही फुटवे येतील.

मातीत कोकोपीट आणि गांडूळखत कोथिंबिरीपेक्षा जास्त घाला, ओल धरून राहिली पाहिजे. जमिनीत लावायचा असेल तर तळ कापलेली बादली मातीत पुरून तिच्यात लावा, नाहीतर वर्षभरात तो शेजारच्या आळूपर्यंत पोचतो.

पाणी आणि खत

कोथिंबिरीला पाणी देण्याआधी बोट एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. पुदिन्याची माती वरून सुकू लागली की लगेच द्या, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा लागू शकतं. तरी तळाच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. जोरदार पावसात कोथिंबिरीची कुंडी आडोशाला न्या, पानं मातीला टेकली की सडतात. पुदिना भिजला तरी चालेल.

खत कोथिंबिरीला पेरणीपूर्वी दिलं तेवढं जवळजवळ पुरतं. पुदिन्याला प्रत्येक कापणीनंतर मूठभर गांडूळखत द्या.

काढणी

कोथिंबीर पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत तयार होते. मधला कोंब ठेवून बाहेरची पानं देठासकट खुडली तर थोडे दिवस पुरवते. पण दुसरा बहर विरळच असतो. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी नव्या कुंडीत थोडी पेरत राहा. उपटलीत तर मुळं टाकू नका, धुऊन वाटणात घाला. पानं बारीक, शेपूसारखी दिसू लागली की फुलोरा जवळ आला समजा. तेव्हा एखाद-दुसरं रोप राहू द्या. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि पुढे घरचे धने मिळतात, तेच पुढच्या पेरणीला वापरा.

पुदिन्याची नुसती पानं ओरबाडू नका. पेराच्या जरा वर कात्रीने शेंडा कापा, तिथून दोन फांद्या फुटतात. जितका कापाल तितका दाट होतो. पानांखाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा आहे. तशा फांद्या तळापासून कापून घरापासून दूर टाका, कंपोस्टमध्ये नको.

वर्ष-दीड वर्षाने पुदिना मध्येच विरळ होतो आणि कुंडीच्या कडेने गोल फिरू लागतो. कुंडी पालथी करा, मुळांच्या गुंत्यातून कडेचे ताजे, पांढरे तुकडे निवडा आणि नव्या मातीत लावा. मधला जून, लाकडासारखा भाग ठेवू नका.