खांद्याचा सांधा बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

स्लिंग (हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी) साधारण चार ते सहा आठवडे वापरावी लागते; नेमकी मुदत सर्जन ठरवतील. पाठीवर झोपताना कोपराखाली घडी घातलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवा. मान न उचलता स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर हात मागे गेलाय आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला शिवलेल्या स्नायूवर ताण येतोय.

सगळ्यात जास्त घात होतो तो खुर्चीतून उठताना. सवयीने दोन्ही हात टेकले जातात आणि शरीराचा भार त्याच टाक्यांवर येतो. म्हणून उंच, पक्की खुर्ची घ्या, पुढे सरका, पाय मागे घ्या आणि फक्त चांगल्या हाताचा आधार घेऊन उठा. रिव्हर्स पद्धतीचा सांधा (ज्यात गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट केलेल्या असतात) असेल तर हात पाठीमागे नेऊ नका, सांधा निखळू शकतो. शर्ट खुपसणं, मागचा खिसा चाचपणं, शौचानंतरची स्वच्छता, सगळं दुसऱ्या हाताने. याचा सराव ऑपरेशनआधीच करून ठेवलेला बरा.

कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

बोटं, मनगट, कोपर दिवसातून चार-पाच वेळा हलवा, नाहीतर हात सुजतो. खांद्याचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं.

स्लिंगमुळे तोल जातो, त्यामुळे पायपुसणी उचला, रात्री दिवा ठेवा. जखमेतून स्राव, ताप, अचानक वाढलेलं दुखणं किंवा हात बधिर होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट रुग्णवाहिका बोलवा.