मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे शोधावेत: १२,३४,५६,७८९ चे उदाहरण

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण २, ३, ५ अशा क्रमाने भाग लावू लागतात. सुरुवात तशीच करावी, पण पुढे त्याच वाटेने जात राहण्याआधी थोडे थांबावे.

१२,३४,५६,७८९ च्या एकक स्थानी ९ असल्यामुळे २ आणि ५ यांनी भाग जात नाही. अंकांची बेरीज ४५ येते, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो आणि १,३७,१७,४२१ उरतात. या अंकांची बेरीज २६ असल्याने ३ ने पुन्हा भाग जात नाही. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे या तिघांची कसोटी एकदमच घेता येते. त्यासाठी लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आळीपाळीने मिळवावेत व वजा करावेत: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला ७, ११, १३ यांपैकी कोणीही भागत नाही.

येथून १७, १९, २३ असे एकेक मूळ संख्येने भागत गेल्यास पहिला अवयव सापडेपर्यंत जवळजवळ पाचशे भागाकार करावे लागतील. त्याऐवजी १७व्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांची रीत वापरून पाहावी. तिचा आधार शाळेतलेच सूत्र आहे: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). १,३७,१७,४२१ चे वर्गमूळ ३७०३ हून थोडे अधिक आहे, म्हणून अ = ३७०४ घ्यावा. त्याच्या वर्गातून, म्हणजे १,३७,१९,६१६ मधून, आपली संख्या वजा केल्यास २१९५ उरतात; ४६² = २११६ आणि ४७² = २२०९, तेव्हा हा पूर्ण वर्ग नव्हे. आता ३७०५ घ्यावा. १,३७,२७,०२५ − १,३७,१७,४२१ = ९६०४, आणि ९६०४ म्हणजे बरोबर ९८²! म्हणून अवयव ३६०७ आणि ३८०३. अनुक्रमे ५९ आणि ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिल्यावर दोन्ही मूळ ठरतात.

हे दुसऱ्याच प्रयत्नात साधले, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाच्या जवळ आहेत. ते दूर असते तर हीच रीत फार रेंगाळली असती. आरएसए कूटलेखनासाठी, म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव शोधणे अवघड असते या आधारावर संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीसाठी, निवडलेल्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात, असा दंडक आहे तो याच कारणाने.

३² × ३६०७ × ३८०३ एवढे हाती आल्यावर बाकीचे गुणधर्म भराभर निघतात. घातांकांत प्रत्येकी १ मिळवून गुणल्यास ३ × २ × २ = १२ विभाजक मिळतात. त्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६ असून, त्यातून मूळची संख्या वगळल्यास तिच्याहून लहान ५,४९,६६,०२७ उरतात; म्हणून ही न्यून संख्या आहे.

एका ठिकाणी मात्र जपावे. या संख्येला ४ ने भागल्यास बाकी १ राहते, त्यामुळे ती दोन वर्गांची बेरीज असेल असे वाटू शकते. परंतु ३६०७ आणि ३८०३ या दोघींना ४ ने भागल्यास बाकी ३ राहते आणि दोघींचा घातांक विषम आहे, म्हणून तशी मांडणी अशक्य आहे.